चुमासीचं तान्हं

खरं सांगते, आणि आता सांगताना मलाच हसू आवरत नाही, पण पहिल्यांदा मला वाटलं होतं की चुमासीने कुणाचं तरी पोर उचलून आणलंय.

हसा, हसा. माझ्या जागी तुम्ही असतात तर तुम्हालाही तेच वाटलं असतं.

आमच्या कुमासी शहरात असाफो वस्तीच्या बाजूला नाना अडोमाकोंचं घर. मधे अंगण, चारी बाजूंनी खोल्या, खोलीगणिक एक बिऱ्हाड. माझी खोली फाटकाला लागून, आणि दारातच माझं शिलाईचं मशीन. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीतून सुक्या मासळीची शेपटी डोकावतेय, सगळं माझ्या डोळ्यांदेखत. मी काही मुद्दाम बघत नाही हं. मशीनचं तोंडच फाटकाकडे आहे, त्याला मी काय करणार?

चुमासी लाकडाच्या कारखान्यात करवतींना धार लावायचा. अंगाने एवढा दांडगा की दारातून आत शिरताना खांदे तिरके करावे लागायचे, आणि आवाज म्हणाल तर कोंबडीच्या पिल्लाचा. तिशी उलटून गेलेली, लग्नाचं नाव नाही. मी विषय काढला की "बघू, आंटी" म्हणायचा आणि जमिनीकडे बघत राहायचा, जशी काही बायको तिथंच कुठेतरी सांडलीये.

तर हा चुमासी त्याच्या मामाच्या दफनाला म्हणून माम्पोंगला गेला आणि बुधवारी परत आला. अंगावर शोकाचं काळं कापड. उजव्या हाताच्या कोपरात, घडीमध्ये, दुसऱ्या एका कापडात गुंडाळलेलं काहीतरी. डावा हात वरून अलगद धरलेला. फाटक त्याने पाठीने ढकललं. दिवस कोरड्या वाऱ्याचे, वाळवंटाकडून नुसती धूळ येत होती. तर हा बाबा कापडाचं टोक ओढून त्या गाठोड्याचं तोंड झाकतोय!

"काय रे ते?" मी विचारलं.

"काही नाही, आंटी."

"काही नाहीला एवढं जपतोस?"

तो हसला आणि खोलीत गेला. कडी लावली. आमच्या अंगणात दिवसाउजेडी कडी कोण लावतं, सांगा मला.

दुसऱ्या दिवशी मशीनसमोर येऊन उभा. हाताची बोटं मोडतोय. "आंटी, एक छोटं पांघरूण शिवून द्याल?"

"केवढं?"

त्याने दोन्ही हातांनी माप दाखवलं. हातभर लांब, त्याहून जरा कमी रुंद.

"मऊ हवं. आणि धूळ आत जाता कामा नये."

माझ्याकडे फ्लॅनेलचा एक तुकडा उरला होता, पिवळ्या पिल्लांच्या नक्षीचा. मी तो पुढे केला. "पिल्लं चालतील?"

एवढा मोठा गडी, कानाच्या पाळीपर्यंत लाजला. "चालतील."

आता मी काय समजायचं? व्हिडाला सांगितलं. व्हिडा पलीकडच्या खोलीत राहायची, सकाळी मक्याची पेज विकायची. पेजेबरोबर बातमी फुकट. ती म्हणाली, "मी तर आवाजसुद्धा ऐकलाय." आणि खरंच, संध्याकाळी आम्ही दोघी त्याच्या खिडकीखाली उगाच पालेभाजी निवडत बसलो, तर आतून असा काही आवाज आला! आधी एक लांबलचक किंकाळी, मग कर्रर्र, मग पुन्हा किंकाळी, आणि एकदम गप्प.

"पोटशूळ," व्हिडा म्हणाली.

"आई कुठंय?"

"असती तर पोर असं रडलं असतं का? बिचारा चुमासी! कुणी तरी गळ्यात मारून गेली त्याच्या."

माझं काळीज तुटलं हो. मी पामफळांचं सार केलं. आमच्याकडे बाळंतिणीला देतात ते, दूध उतरायला. बाळंतीण नव्हती हे मलाही कळत होतं, पण अशा घरात कुणी तरी सार प्यायला हवंच ना? पावडरचा डबा घेतला, साबणाची वडी घेतली आणि गेले.

दार ठोठावलं. चुमासीने अगदी बोटभर उघडलं.

"पोराला बघायला आले," मी म्हटलं. "आणि लाजू नकोस. अंगण सगळं तुझ्या बाजूने आहे."

"कुठलं पोर?"

"ते पांघरुणातलं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता, मेला! मला आत घेतलं. पलंगावर मच्छरदाणी, मच्छरदाणीत माझी पिवळी पिल्लं. मी पांघरूण उचललं तर खाली शाळेच्या पाटीएवढं काळं काहीतरी, त्यावर करड्या रबराची बटणं. शेजारी एक टेपरेकॉर्डर.

"अगं बाई! आणि हे कुणावर गेलंय?"

"कॉम्प्युटर आहे, आंटी."

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा तो काळ. कॉम्प्युटर असतो बँकेत, आणि त्याला स्वतःची थंड खोली लागते, एवढंच मला ठाऊक. हा तर मच्छरदाणीत झोपला होता. रडण्याचा आवाजही त्याचाच, म्हणजे त्याच्या टेपचा. कॉम्प्युटरला जे शिकवायचं ते टेपवर भरलेलं असतं. ती टेप नुसती वाजवली की अशी किंचाळते. चुमासी वायर न लावता तपासून बघत होता, प्रवासात बिघडली तर नाही ना.

मग सार पितापिता त्याने सगळं सांगितलं. त्याचे डुआमामा लिव्हरपूलच्या बोटीवर स्वयंपाकी. आजारी पडून परत आले ते हा कॉम्प्युटर आणि मासिकांचा एक गठ्ठा घेऊन. चुमासी दर रविवारी माम्पोंगला जायचा, आणि मामा अंथरुणात उशीला टेकून त्याला शिकवायचे. दोघंच. घरातल्या बाकीच्यांना वाटायचं दोघांना एकदमच ताप चढलाय. शेवटी शेवटी मामा म्हणाले, "हे तुझं."

"मग लपवतोस कशाला?"

"आंटी, तुम्हीच सांगा. साक्षीला कोण होतं? मी आभाराची बाटली कुणासमोर ठेवली?"

आता मला कळलं. आमच्यात दिलेली वस्तू नुसती दिली म्हणून होत नाही. घेणाऱ्याने चार माणसांसमोर बाटली ठेवून आभार मानायचे, तेव्हा ती त्याची. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बाटली घेऊन कोण जाईल? चुमासीला लाज वाटली. आणि तसं नसेल तर माणसामागे त्याच्या वस्तू कुळाच्या. वर्षाचं कार्य झालं की कुळाचे थोरले, बोन्स्रामामा, सगळं गोळा करणार आणि वाटणार. बोन्स्रामामा म्हणजे डुआमामांचे सख्खे थोरले भाऊ. त्यांना कॉम्प्युटर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण लिव्हरपूलहून काय काय आलं ते बरोबर ठाऊक होतं.

"वर्षभर तरी राहील माझ्याकडे," चुमासी म्हणाला. असं म्हणाला की मी दुसरी वाटी सार वाढलं.

तर आमच्या सुखाला पहिल्या दिवसापासून अशी दोरी बांधलेली होती.

आता या काळ्या पाटीला दिसायला टीव्ही लागतो, आणि चुमासीकडे टीव्ही नव्हता. अंगणात एकच, माझा. चौदा इंची, काळापांढरा. सरकारी कार्यक्रम सुरू व्हायचे संध्याकाळी, तोवर तो नुसता क्रोशाचा रुमाल घालून बसलेला असायचा. "ने," मी म्हटलं, "पण सात वाजता नाटक लागतं. सातला माझा टीव्ही माझ्या टेबलावर हवा."

रविवारी चर्चहून आल्यावर तो टीव्ही छातीशी धरून अंगण ओलांडून गेला. वायर जोडली, एक चकती फिरवत बसला. मुंग्या, मुंग्या, नुसत्या मुंग्या. आणि मग एकदम मुंग्या विरघळल्या आणि पांढरा स्वच्छ पडदा आला, खाली एक ओळ. चुमासीने पेन्सिल घेतली. त्याचं एक बोट दोन बटणांवर बसायचं हो, म्हणून तो पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टाइप करायचा. टक, टक, टक. आणि पडद्यावर माझं नाव आलं. दुफी. मग त्याखाली दुफी, त्याखाली दुफी, अख्खा पडदा माझ्या नावाने भरला!

"पुरे पुरे," मी म्हटलं. "एवढं तर मला नवऱ्यानेही कधी हाक मारली नाही."

मी उठून व्हिडाला सांगायला गेले की अगं, पोर नाहीये. पण उशीर झाला होता. तिने पेजेबरोबर सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. लोकांनी साबण आणले होते, कुणी टोपडं आणलं होतं, आणि नाना अडोमाको, आमचे घरमालक, ऐंशीच्या घरातले, जिनची बाटली काढून बसले होते. मूल सात दिवस घरात ठेवायचं, आठव्या दिवशी अंगणात आणून नाव ठेवायचं, ही आमची रीत.

मी म्हटलं, "नाना, मूल नाहीये. यंत्र आहे."

नाना बाटलीकडे बघत म्हणाले, "दुफी, नाव ठेवायला म्हणून काढलेली बाटली परत कपाटात गेलेली मी आयुष्यात बघितली नाही. यंत्र रडतं का?"

"रडतं."

"मग झालं. कुठल्या दिवशी उजेडात आलं?"

"रविवारी."

"मुलगा की मुलगी?"

आम्ही सगळ्यांनी चुमासीकडे बघितलं. तो म्हणाला, "नाना, तुम्ही तिचा आवाज ऐकलाय ना?"

"मुलगी," नाना म्हणाले.

तर पुढच्या रविवारी आम्ही सगळे पांढरे कपडे घालून अंगणात. नानांच्या मांडीवर माझ्या पिवळ्या पिल्लांत गुंडाळलेला कॉम्प्युटर. रविवारची मुलगी म्हणून अकोसुआ, ते ठरलेलंच. पुढचं नाव बापाने द्यायचं. चुमासी उभा राहिला. मला वाटलं होतं पुटपुटेल. पण त्या दिवशी त्याचा आवाज फाटकाबाहेर गेला असेल. "डुआ," म्हणाला. "अकोसुआ डुआ." आणि खाली बसला तो डोळे पुसतच.

नानांनी पाण्यात बोट बुडवलं. "अकोसुआ डुआ, पाणी म्हणशील तर पाणीच असू दे." रीत अशी की पोराने खरं बोलावं म्हणून थेंब जिभेवर सोडायचा. जीभ कुठली? नाना जरा इकडेतिकडे बघून रबराच्या बटणांवर सोडून मोकळे. चुमासीच्या तोंडातून "हं—" असा आवाज आला. "आणि जिन म्हणशील तर जिनच असू दे!" जिनच्या बाबतीत नानांचं बोट नेहमीच जरा ओलं.

त्या संध्याकाळी अकोसुआला जोडलं तर पडद्यावर एकच अक्षर, ओळीच्या ओळी, थांबेचना. व्हिडा म्हणाली, "चढलीये तिला." चुमासीचा चेहरा मात्र उतरला. वर्षभरासाठी मिळालेली गोष्ट आठवड्यात घालवली की काय! त्याने तिला उन्हात पालथी घातली, मी पुठ्ठ्याने वारा घातला, व्हिडाने येताजाता "बरी आहे का गं बाळ?" विचारलं. दोन दिवसांनी बाई शुद्धीवर आल्या. पण शेवटपर्यंत जरा तापली की खोलीत जिनचा वास यायचा. आम्ही म्हणायचो, नाना आजोबांची आठवण आली.

काय दिवस होते ते! आता माझी नात फोनवर बोट फिरवते आणि जग हजर होतं, पण तिला विचारा, कशाची वाट बघितलीस का कधी? आम्ही वाट बघायचो. मासिकातल्या बारीक अक्षरांच्या ओळी मी मोठ्याने वाचायची, हातात टाचणी आणि मांडीवर कुणाचा तरी ब्लाउज, आणि चुमासी पेन्सिलीने टक टक करायचा. एक टिंब चुकलं की सगळं मुसळ केरात. मग भांडण.

"मी स्वल्पविरामच म्हटलं होतं."

"आंटी, तुमच्या तोंडात टाचण्या होत्या."

एकदा तर एका खेळाचं अर्धं पान वाळवीने खाल्लेलं निघालं. उंदीर बिळातून डोकं काढतो आणि आपण हातोडा मारायचा, असा काहीतरी खेळ. उंदीर शिल्लक नव्हता, हातोडा तेवढा उरला होता. वर, खाली, वर, खाली. चुमासी बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "आंटी, हे मुसळ आहे."

मुसळच होतं! आमच्या घरोघरी संध्याकाळी उकडलेल्या कंदांचा फुफू कांडतात तेव्हा एक जण उभा राहून मुसळ घालतो, दुसरी उखळाशी बसून हाताने गोळा उलटवते. मुसळ वर गेलं की हात आत, खाली आलं की हात बाहेर. जन्माचा सराव लागतो. मामांनी मरण्याआधी चौकटीच्या कागदावर ठिपके ठिपके करून एक उखळ काढून ठेवलं होतं, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. चुमासीने ते उखळ हातोड्याखाली ठेवलं. हात त्याने स्वतः काढला, चार बोटांचा. पाचवं मावेना. बटण दाबलं की हात आत, सोडलं की बाहेर. चुकलं तर "टूं" आणि बोटं सपाट.

दुपारी सगळं अंगण त्याच्या खोलीत. व्हिडाला कुणी हरवू शकायचं नाही. मी जन्मभर फुफू उलटवला, एक बोट दुखावलं नाही, आणि त्या अकोसुआ मेलीपुढे बसले की टूं. दरवेळी टूं. चुमासी तोंड फिरवून हसायचा.

"आंटी, तुम्ही मुसळाकडे बघू नका. आवाजाकडे लक्ष द्या."

"तू धार लाव जा करवतीला."

पण खरी गंमत खऱ्या फुफूची. अकोसुआची वीज येते ती वायर जरा सैल. अंगणात कुणी मुसळ घातलं की जमीन हादरायची, वायर हलायची आणि दिवसभराचं टाइप केलेलं सगळं पुसलं जायचं. म्हणून टेपवर भरून ठेवायचं. आणि टेप भरत असताना तर मुंगीनेही पाय आपटायचा नाही. चुमासी दारातून डोकं काढून हळूच म्हणायचा, "पोर झोपतंय." की अंगणातली सगळी मुसळं थांबायची.

व्हिडा कंबरेवर हात ठेवायची. "माझं सार गार होतंय तुझ्या पोरीपायी!"

"पाच मिनिटं, सिस्टर."

"रोज पाच मिनिटं! माझी चार पोरं झोपवली, कधी अंगण थांबवलं का मी?"

पण थांबायची हं. मुसळ हवेत धरून उभी राहायची. आमच्या अंगणात सगळ्यांचं जेवण तेव्हा उशिरा व्हायचं, आणि कुणी घर सोडून गेलं नाही.

असं करता करता वर्ष सरलं. माम्पोंगला डुआमामांचं वर्षाचं कार्य झालं. तिथून आल्यावर चुमासीने काही सांगितलं नाही, पण त्याने अकोसुआला पुसून, वायरींची वेटोळी करून, पिल्लांत गुंडाळून ठेवलं, तेव्हाच मी ओळखलं. "येणार आहेत?" "शनिवारी," तो म्हणाला.

शनिवारी बोन्स्रामामा आले. खांद्यावर कापड, हातात काठी, मागे कुळातले दोन तरुण सामान उचलायला. आम्ही बसायला दिलं, पाणी दिलं, पायातल्या चपला त्यांनी बाजूला काढल्या. नाना अडोमाकोंनी रीतीप्रमाणे विचारलं, "रस्त्याने काय निरोप आणलात?"

"सगळं ठीक. माझा भाऊ डुआ, त्याचा ग्रामोफोन आला, घड्याळ आलं, बूट आले. एक काळा डबा आला नाही. तो न्यायला आलोय."

"तो मामांनी मला दिला," चुमासी म्हणाला. पिल्लाच्या आवाजात.

"कुणासमोर?"

चुमासी जमिनीकडे बघायला लागला.

"आभाराची बाटली कुणी प्यायली?"

"कुणी नाही, थोरले मामा."

"मग बोलायचं काय उरलं?"

खरंच काही उरलं नव्हतं. रीत ती रीत. चुमासी उठून आत गेला आणि गाठोडं घेऊन बाहेर आला, तसंच कोपराच्या घडीत धरून.  व्हिडा नाक पुसायला लागली. ते दोन तरुण पुढे झाले. चुमासीने गाठोडं त्यांच्याकडे दिलं नाही. नानांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "न्यायच्या आधी नाव तरी विचारा."

"डब्याचं नाव?"

"अकोसुआ डुआ," नाना म्हणाले. "याच अंगणात ठेवलं. जिभेवर जिन मी घातली."

बोन्स्रामामा जरा हळुवारपणे म्हणाले, "नाना, तुमचं वय झालंय."

"झालंय ना. म्हणूनच बारशाला मला बोलावतात."

"यंत्राचं बारसं कुणी करतं का?"

चुमासी म्हणाला, "तुमच्या लॉरीसाठी मेंढा कापला होता, थोरले मामा. दर वर्षी चाकावर जिन ओतता. तिच्या कपाळावर नाव आहे, तुमच्या आईचं."

ते दोन तरुण खाली बघून हसले. बोन्स्रामामांनी काठी आपटली. "लॉरी कमावते!"

"म्हणजे कमावतीला नाव आणि तान्हीला नाही?"

आता मी चुमासीकडे बघायला लागले. हा माणूस एका दमात तीन वाक्यं बोलला होता. बोन्स्रामामांनी थोडा विचार केला, मग त्यांचा चेहरा उजळला. "बरं, पोर तर पोर. नाव काय म्हणालात? डुआ. आमच्या माणसाचं नाव. म्हणजे आमच्याच घरची. उचला रे!"

"थोरले मामा," चुमासी म्हणाला, "माझं नाव कुणी ठेवलं?"

"तुझ्या बापाने. बरा माणूस होता."

"मग मी त्यांच्या कुळाचा?"

"काहीतरीच काय! तू आमचा. आमच्या बहिणीचा. बाप नाव देतो, पोसतो, पण कूळ आईचं. हे काय आता मी तुला शिकवायचं?"

"नको. मला ठाऊक आहे. अकोसुआचं नाव मी ठेवलं, म्हणजे बाप मी. आणि मी तुमच्या कुळाचा. म्हणजे ती तुमच्या कुळाची असूच शकत नाही."

 बोन्स्रामामांनी बोटांवर नाती मोजून बघितली. "मग आई कोण?"

आणि काय सांगू, सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं! मेल्यांनो, माझ्याकडे काय बघता?

"आंटीचा टीव्ही," चुमासी म्हणाला. "त्याच्यातूनच ती उजेडात येते. चौदा इंची आहे, पण आई आहे. टीव्ही आंटीचा, म्हणून पोर आंटीच्या कुळाची. नेणार असाल तर त्यांच्या थोरल्यांशी बोला."

मीही मग मागे कशाला राहू? पदर सारखा करावा तसं खांद्यावरचं कापड सारखं केलं आणि म्हटलं, "आमचे थोरले ओबुआसीला असतात. जरा मोठ्याने बोलावं लागेल, दोन्ही कानांनी गेलेत."

बोन्स्रामामांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "मला विकायचा नव्हता तो डबा. पाठचा भाऊ होता माझा. बूट मला होत नाहीत. घड्याळ बंद पडलंय. त्याच्या हातचं काहीतरी घरात असावं, एवढंच."

चुमासीने नानांच्या मांडीवरून गाठोडं उचललं. आत जाऊन त्याने वायरी जोडल्या, टेप लावली, अकोसुआ पोटभर रडली, आणि पडद्यावर उखळ आलं. "हे मामांनी काढलंय," म्हणाला. "ठिपका ठिपका. बसा."

म्हातारा बसला. बघत राहिला. मग बटणावर बोट ठेवलं. टूं. पुन्हा. टूं. "डुआला लहानपणी उखळ उलटवताच यायचं नाही," ते म्हणाले, "त्याचंच यंत्र, दुसरं काय!" आणि डोळे पुसून पुन्हा बोट ठेवलं.

"पोरीला भेटायला या," चुमासी म्हणाला. "केव्हाही."

मला वाटलं संपलं. पण कुळाचे थोरले रिकाम्या हाताने परत कसे जातील? उठताउठता त्यांची नजर टेपरेकॉर्डरवर गेली. "हा पण डुआचाच ना?"

"हो."

"याचं बारसं केलंत?"

"नाही केलं."

"मग हा आमचा!" दोन्ही तरुणांकडे असं बघितलं, की बघा, म्हाताऱ्याचं डोकं अजून चालतं.

"न्या," चुमासी म्हणाला. "पण ती दूध पिते ते त्यातूनच. तान्ह्याच्या तोंडचं काढून न्यायची रीत आपल्या कुळात असेल, तर तुम्ही थोरले आहात, न्या."

बोन्स्रामामांनी टेपरेकॉर्डरकडे बघितलं. चुमासीकडे बघितलं. आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग काठी उचलली.

"माझ्या चपला कुठं आहेत रे?" ते म्हणाले.